ऊन फुकट, बंब विकत

प्रस्तावना

पहाटेची वेळ आहे. परसात तांब्याचा बंब धुमसतो आहे. त्याच्या मधल्या नळकांड्यात कोणीतरी ढलप्या आणि गोवऱ्यांचे तुकडे सरकवीत आहे. ते ‘कोणीतरी’ म्हणजे बहुधा घरातील एखादी स्त्री. ती सर्वांच्या आधी उठली, म्हणून बाकीच्यांना आंघोळीला ऊन पाणी मिळणार आहे.

आपल्या भाषेत ‘ऊन’ हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. सूर्याचा प्रकाश म्हणजे ऊन आणि गरम पाणी हेही ऊन पाणीच. उन्हाने पाणी ऊन होते, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. अंगणात पितळी घंगाळ भरून ठेवावे आणि दुपारी त्या पाण्याने लहान मुलांना न्हाऊ घालावे, ही रीत अनेक घरांत होती. आज त्याच तत्त्वावर चालणारे सौर बंब बाजारात मिळतात. ऊन फुकट आहे. पण ऊन पकडणारा बंब मात्र विकत घ्यावा लागतो, आणि तोही एकदम पैसे मोजून. येथे अनेक कुटुंबांचे पाऊल अडते. ते पुढे पडावे म्हणून शासन निरनिराळ्या सवलती देते. या सवलती कोणत्या, त्या का दिल्या जातात आणि मुख्य म्हणजे त्या कोणापर्यंत पोहोचतात, याचा विचार आपण या पाठात करणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही,
• सौर बंबाचे कार्य थोडक्यात सांगू शकाल;
• अनुदान, व्याजसवलत, करसवलत आणि सक्ती यांतील फरक स्पष्ट करू शकाल;
• एखाद्या सवलतीचा लाभ कोणाला होतो व कोणाला होत नाही, हे ओळखू शकाल;
• शासकीय योजनेचा कागद जाणतेपणाने वाचू शकाल.

मूळ पाठ

१. ऊन पाणी कसे तापवते?

सौर बंबाची रचना साधी आहे. छतावर दक्षिणेकडे तोंड करून एक पेटी तिरकी बसवलेली असते. तिच्यावर काच असते. आत काळ्या लेपाचा धातूचा पत्रा आणि त्याला जोडलेल्या तांब्याच्या बारीक नळ्या असतात. काळा रंग उष्णता शोषून घेतो आणि काच ती सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. नळ्यांतील पाणी तापले की हलके होऊन वर चढते आणि पेटीच्या वर बसवलेल्या टाकीत जाते. टाकीच्या तळाचे थंड पाणी खाली उतरून त्याची जागा घेते. हे चक्र दिवसभर आपोआप चालते. त्यासाठी पंप लागत नाही. टाकीभोवती उष्णतारोधक थर असल्याने दुपारी तापलेले पाणी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ऊन राहते.

दुसरा प्रकार काचनळ्यांचा. यात दुपदरी काचनळीच्या दोन पदरांमधील हवा काढून टाकलेली असते. त्या निर्वात पोकळीमुळे आतली उष्णता बाहेर निसटत नाही. जेथे पाणी क्षारयुक्त आहे, तेथे तांब्याच्या बारीक नळ्यांत क्षार साचून त्या तुंबतात. अशा ठिकाणी काचनळ्यांचा बंब अधिक सोयीचा ठरतो.

आता थोडा हिशेब करू. शंभर लिटर पाणी २० अंश सेल्सिअसपासून ६० अंशांपर्यंत तापवायला सुमारे साडेचार ते पावणेपाच युनिट वीज लागते. वर्षातील सुमारे ३२० दिवस हे काम उन्हाने केले, तर वाचलेली वीज दीड हजार युनिटांच्या घरात जाते. शंभर लिटरच्या सौर बंबाने वर्षाला सुमारे १,५०० युनिट वाचतात, असे शासकीय माहितीपत्रकांत सांगितले जात असे, ते याच हिशेबाने. अर्थात, हा आकडा सर्वत्र सारखा नसतो. सिमल्यात किंवा बंगळुरूत वर्षातील बहुतेक दिवस ऊन पाणी लागते. कोकणात किंवा चेन्नईत ते फार तर काही महिने लागते. जेथे पाण्याची गरज कमी, तेथे बचतही कमी.

२. अडचण कोठे आहे?

समजा, एका कुटुंबाला सौर बंब बसवायला २४,००० रुपये खर्च येतो. वर्षाला १,५०० युनिट वाचतात आणि विजेचा दर युनिटला ५ रुपये आहे. म्हणजे वर्षाला ७,५०० रुपये वाचले. सव्वातीन वर्षांत बंबाचे पैसे वसूल झाले आणि पुढची दहा-बारा वर्षे ऊन पाणी जवळजवळ फुकट मिळाले. हिशेब तर सरळ आहे. मग घरोघरी सौर बंब का दिसत नाहीत?

कारण विजेचे बिल दरमहा थोडेथोडे येते; सौर बंबाचा खर्च मात्र एकाच दिवशी उभा राहतो. सौर बंब घेणे म्हणजे पुढील अनेक वर्षांच्या इंधनाचे पैसे आजच भरून टाकण्यासारखे आहे. ज्याच्या गाठीला पैसे आहेत, त्याला हा सौदा फायद्याचा वाटतो. ज्याचे घर महिन्याच्या महिन्याला चालते, त्याला तो फायदा दिसत असूनही हाती लागत नाही. गरिबाला स्वस्त वस्तू महाग पडते, असे आपल्याकडे म्हटले जाते, ते अशा वेळी पटते.

येथे शासनाने मध्ये का पडावे, असाही प्रश्न विचारला जातो. त्याचे उत्तर असे : पाणी तापवणारा विजेचा गीझर साधारणतः दोन किलोवॅटचा असतो. सकाळी सहा ते नऊ या वेळेत शहरांतील हजारो गीझर एकदम चालू होतात. ही तीन तासांची मागणी भागवण्यासाठी वीजकेंद्रे उभारावी लागतात, कोळसा जाळावा लागतो. शंभर लिटरचे एक हजार सौर बंब बसले, तर सकाळच्या मागणीतून सुमारे एक मेगावॅटचा भार कमी होतो, असा शासनाचा अंदाज होता. जेथे बंब लाकडांवर पेटतो, तेथे झाडे वाचतात आणि घरातील धूर कमी होतो. म्हणजे एका घराच्या छतावरील सौर बंबाचा लाभ थोडा त्या घराला आणि थोडा सर्व समाजाला होतो. लाभ जर वाटून मिळणार असेल, तर खर्चही थोडा वाटून घ्यावा, हे शासकीय सवलतीमागचे तत्त्व आहे.

पाठगत प्रश्न – १
१. सौर बंबात पाणी पंपाशिवाय कसे फिरते?
२. ‘गरिबाला स्वस्त वस्तू महाग पडते’ या विधानाचा या पाठाच्या संदर्भात अर्थ सांगा.

३. शासनाच्या हातभाराचे मार्ग

१९७३ मधील तेलसंकटाने जगाला एक धडा दिला : परक्यांच्या इंधनावर विसंबून राहणे धोक्याचे असते. भारत सरकारने १९८२ मध्ये अपारंपरिक ऊर्जेसाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला. १९९२ मध्ये त्याचे मंत्रालय झाले आणि २००६ मध्ये त्याला ‘नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय’ हे नाव मिळाले. या प्रदीर्घ काळात सौर बंबासाठी मदतीचे अनेक मार्ग अवलंबले गेले. त्यांतील प्रमुख मार्ग असे :

(अ) भांडवली अनुदान : वस्तूच्या किमतीतील काही भाग शासनाने उचलणे म्हणजे भांडवली अनुदान. १९८० च्या दशकात केंद्र सरकारने सौर बंबांसाठी असे अनुदान दिले. पुढे १९९० च्या दशकात ते थांबवून कर्जांवर भर देण्यात आला. जानेवारी २०१० मध्ये जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय सौर अभियान सुरू झाले आणि अनुदान परत आले. ते किमतीच्या ३० टक्क्यांपर्यंत होते. पण त्याला कमाल मर्यादाही होती. काचेच्या सपाट पेटीच्या बंबासाठी ही मर्यादा दर चौरस मीटरला ३,३०० रुपये आणि काचनळ्यांच्या बंबासाठी ३,००० रुपये होती. हिमालयातील व ईशान्येकडील राज्यांत, जेथे थंडी अधिक आणि वाहतूक अवघड, तेथे घरगुती बंबांसाठी ही मदत दुप्पट ठेवली होती. २०१४ मध्ये सर्वसाधारण राज्यांतील सौर बंबांचे केंद्रीय अनुदान बंद झाले.

(आ) व्याजसवलत : येथे शासन वस्तूसाठी पैसे देत नाही, कर्जावरील व्याजाचा भार उचलते. २००५ च्या सुमारास घरगुती ग्राहकांना सौर बंबासाठी केवळ २ टक्के व्याजाने कर्ज मिळण्याची योजना होती. वरच्या उदाहरणातील २४,००० रुपयांचे कर्ज पाच वर्षांत फेडायचे असेल, तर १२ टक्के व्याजाने मासिक हप्ता सुमारे ५३४ रुपये पडतो. २ टक्के व्याजाने तो सुमारे ४२१ रुपये पडतो. विजेच्या बिलात दरमहा वाचतात ६२५ रुपये. म्हणजे बिलात जे वाचते, त्यातूनच हप्ता भागतो आणि वर काही शिल्लक राहते. एकदम उभ्या राहणाऱ्या खर्चाचे दरमहाच्या खर्चात रूपांतर करणारा हा मार्ग आहे.

(इ) करसवलत : पुणे महानगरपालिकेने घरात सौरऊर्जा, गांडूळखत किंवा पर्जन्यजलसंचय यांपैकी एक उपक्रम राबवणाऱ्याला मालमत्ता करात ५ टक्के आणि दोन किंवा अधिक राबवणाऱ्याला १० टक्के सवलत देण्याचे धोरण स्वीकारले. ठाणे महानगरपालिकेनेही सौर बंबासाठी अशी सवलत दिली. उद्योगांसाठी प्राप्तिकरात ‘जलद घसारा’ ही तरतूद आहे. कोणतेही यंत्र वापराने झिजते, त्याची किंमत दरवर्षी घटते. या घटीला घसारा म्हणतात. सौर उपकरणांची ८० टक्के किंमत पहिल्याच वर्षी घटली असे मानण्याची मुभा उद्योजकांना होती. त्यामुळे त्या वर्षीचा कर कमी होत असे. एप्रिल २०१७ पासून हे प्रमाण ४० टक्क्यांवर आणण्यात आले.

(ई) वीजबिलातील सूट : बंगळुरूमध्ये सौर बंब वापरणाऱ्या घरगुती ग्राहकाला युनिटमागे ५० पैसे, परंतु महिन्याला जास्तीत जास्त ५० रुपये, अशी सूट देण्यात आली. रक्कम लहान खरी. पण ती दरमहा बिलावर छापून येत असे आणि शेजाऱ्यालाही दाखवता येत असे.

(उ) सक्ती : काही वेळा शासन देत काही नाही, नियम मात्र करते. कर्नाटकात २००७ मध्ये ठरावीक आकाराच्या नव्या घरांवर सौर बंब बंधनकारक करण्यात आला. ठाण्यासह अनेक शहरांनी बांधकाम परवानगीच्या अटींत त्याचा समावेश केला. इस्रायलने तर १९८० मध्येच नव्या घरांवर सौर बंब बसवण्याचा कायदा केला आणि आज तेथील बहुसंख्य घरांच्या छतांवर तो दिसतो. घर बांधतानाच नळांची जोडणी केली तर खर्च कमी येतो. भिंती फोडून नंतर नळ टाकण्यापेक्षा ते केव्हाही सोपे.

४. सवलत कोणापर्यंत पोहोचते?

वरील पाचही मार्गांचा उद्देश एकच आहे. पण प्रत्येक मार्गाच्या तोंडाशी एक दार आहे आणि त्या दारातून प्रत्येकाला आत जाता येत नाही. सवलत कोणत्या रूपाने दिली जाते, यावर ती कोणाला मिळते हे ठरते. हा या विषयातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे.

मालमत्ता करातील सवलत घ्यायची, तर आधी मालमत्ता हवी. भाडेकरूचे काय? छत मालकाचे, कर मालकाचा, सवलतही मालकाला. विजेचे बिल मात्र भाडेकरूचे. मालकाला बंब बसवण्याची निकड नाही, कारण बिल तो भरत नाही. भाडेकरू बंब बसवत नाही, कारण घर कधी सोडावे लागेल याचा भरवसा नाही. दोघांच्या मध्ये सवलत अडकून पडते.

जलद घसाऱ्याचा लाभ घ्यायचा, तर प्राप्तिकर भरण्याइतका नफा हवा. मोठ्या हॉटेलला तो मिळतो. रस्त्याकडेच्या खाणावळीला नाही. व्याजसवलत हवी, तर बँकेने कर्ज द्यायला हवे. आणि बँक मिळकतीचा पुरावा मागते. अनुदान हवे, तर अनेकदा आधी पूर्ण रक्कम भरून मागाहून परतावा मिळण्याची वाट पाहावी लागते. ज्याच्यासाठी अनुदान आहे, त्यालाच वाट पाहणे परवडत नाही. शिवाय सौर बंबाला उंचावर थंड पाण्याची टाकी लागते. ज्या वस्तीत पाणी दिवसाकाठी तासभर येते आणि ते हंड्यात भरून ठेवावे लागते, तेथे छतही पत्र्याचे आणि टाकीही नाही.

आता पाठाच्या आरंभीची ती स्त्री पुन्हा आठवा. तिच्या घरी गीझर नाही, त्यामुळे गीझरच्या बिलातील बचतही नाही. ती ढलप्या गोळा करते, गोवऱ्या थापते, पहाटे उठते, धूर सोसते. सौर बंब आला तर तिचे हे श्रम वाचतील. पण तिचे श्रम कोणत्याही बिलात छापलेले नसतात, म्हणून सवलतीच्या हिशेबातही ते धरले जात नाहीत. ज्या बचतीची पावती मिळत नाही, ती बचत नव्हे, असे समजण्याची चूक हिशेब करणाऱ्यांकडून वारंवार होते.

यावर एक उपाय म्हणजे सामुदायिक सोय. जे एकट्या घराला झेपत नाही, ते वसतिगृह, रुग्णालय, आश्रमशाळा किंवा अन्नछत्राला झेपते. तेथे रोज, बाराही महिने, मोठ्या प्रमाणावर उष्णता लागते आणि एका संचाचा लाभ शेकडो माणसांना होतो. शिर्डी येथील साईबाबा संस्थानच्या प्रसादालयाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. तेथे २००९ मध्ये ७३ अंतर्वक्र आरसे बसवण्यात आले. हे आरसे सूर्याबरोबर फिरतात, ऊन एका ठिकाणी एकवटतात आणि पाण्याची वाफ करतात. त्या वाफेवर हजारो भाविकांचे अन्न शिजते. या प्रकल्पाच्या खर्चातील मोठा वाटा केंद्र सरकारने अनुदानरूपाने उचलला. आंध्र प्रदेशातील तिरुमला आणि राजस्थानातील अबू रोड येथेही अशा सौर वाफेच्या स्वयंपाकघरांचे प्रयोग झाले आहेत. शासनाचा एक रुपया अशा ठिकाणी खर्च झाला, तर तो पंगतीतल्या प्रत्येकाच्या पानात थोडाथोडा पडतो.

५. सवलतीची घडी चुकली, तर?

सवलत पोहोचत नाही, ही एक अडचण झाली. ती पोहोचूनही हेतू साधत नाही, ही दुसरी. आपल्याच देशातील बायोगॅसचा अनुभव पाहा. १९८१-८२ मध्ये राष्ट्रीय बायोगॅस विकास प्रकल्प सुरू झाला. शेणापासून मिळणाऱ्या वायूवर घरातली चूल पेटावी, हा त्याचा हेतू. अनुदानामुळे खेड्यापाड्यांत लक्षावधी संयंत्रे उभी राहिली आणि अनेक घरांतला धूर गेला. पण काही ठिकाणी संयंत्र बांधून झाले, अनुदान मिळाले आणि नंतर दुरुस्तीअभावी ते बंद पडले. अनुदान संयंत्र बांधण्यासाठी होते; चूल रोज पेटते की नाही, हे पाहण्यासाठी नव्हते. पुढे बांधणाऱ्या संस्थेवर काही वर्षे विनामूल्य देखभालीची जबाबदारी टाकण्यात आली, ती या अनुभवातूनच.

मग याच्या उलट केले तर? यंत्रासाठी पैसे न देता, प्रत्यक्ष निर्माण झालेल्या उष्णतेसाठी दिले तर? ब्रिटनने तो मार्ग निवडला. २०११ पासून तेथे अक्षय स्रोतांतून मिळवलेल्या उष्णतेच्या प्रत्येक युनिटला ठरावीक रक्कम देण्याची योजना सुरू झाली. ब्रिटनचाच भाग असलेल्या उत्तर आयर्लंडने २०१२ मध्ये अशीच योजना आखली. परंतु तेथे एक चूक राहून गेली. लाकडी गोळ्यांवर चालणाऱ्या बॉयलरमधील उष्णतेसाठी मिळणारी रक्कम गोळ्यांच्या किमतीपेक्षा अधिक होती आणि तिला मर्यादाही घातली नव्हती. जितके अधिक जाळावे, तितका अधिक फायदा! साहजिकच गरज नसतानाही उष्णता निर्माण करण्याचा मोह झाला. लोकांनी या प्रकाराला ‘राखेच्या बदल्यात रोख’ अशा अर्थाचे नाव दिले. २०१६ मध्ये योजना नव्या अर्जदारांना बंद करावी लागली. त्या वादात जानेवारी २०१७ मध्ये तेथील सरकार कोसळले आणि तीन वर्षे नवे सरकार बसू शकले नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालाने या अनर्थाचे मूळ मुख्यतः भ्रष्टाचारात नव्हे, तर एकावर एक साचत गेलेल्या चुकांत व दुर्लक्षात असल्याचे दाखवून दिले.

दोन्ही उदाहरणांतून एकच बोध मिळतो. माणूस योजनेच्या नावाकडे पाहून वागत नाही. पैसे कशासाठी मिळतात हे पाहून वागतो. बांधण्यासाठी पैसे मिळाले तर तो बांधतो. जाळण्यासाठी मिळाले तर जाळतो. म्हणून चांगल्या सवलतीत तीन गोष्टी असाव्या लागतात : गरजेपुरतीच मदत, उपकरण चालू आहे याची तपासणी आणि सामान्य माणसाला पार करता येईल असे दार.

६. योजनेचा कागद वाचताना

योजना बदलतात, बंद होतात, नव्या नावाने परत येतात. सौर बंबाचे अनुदान आले, गेले, पुन्हा आले, पुन्हा गेले, हे आपण पाहिलेच. त्यामुळे शेजाऱ्याला पाच वर्षांपूर्वी मिळालेली सवलत आज आपल्यालाही मिळेल, असे गृहीत धरू नये. विक्रेत्याच्या शब्दावर तर मुळीच विसंबू नये. योजनेचा मूळ कागद मिळवावा आणि स्वतः वाचावा. वाचताना पुढील प्रश्न मनात ठेवावेत :

• ही योजना कशासाठी आहे? फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली ‘पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना’ छतावर वीज निर्माण करण्यासाठी आहे. तीन किंवा अधिक किलोवॅटच्या संचाला तीत ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान ठेवले गेले. पाणी तापवणारा सौर बंब तिच्यात येत नाही. दोन्ही छतावरच बसतात आणि दोन्हींना लोक ‘सोलर’ म्हणतात. म्हणून घोटाळा होतो.
• ‘पात्र’ कोण? घरमालक, भाडेकरू, गृहनिर्माण संस्था की उद्योग?
• ‘मुदत’ कोणती? अर्ज बंब बसवण्यापूर्वी करायचा की नंतर?
• ‘प्रतिपूर्ती’ असा शब्द आहे का? असल्यास आधी पैसे आपण भरायचे आणि मागाहून ते परत मिळायचे, असा त्याचा अर्थ होतो.
• ‘कमाल मर्यादा’ किती? ३० टक्के म्हटले, तरी मर्यादेमुळे हाती कमी पडू शकते.
• ‘निधीच्या उपलब्धतेच्या अधीन राहून’ असे वाक्य आहे का? म्हणजे निधी संपला, तर पात्र असूनही सवलत मिळेलच असे नाही.
• मान्यताप्राप्त उत्पादकाकडूनच खरेदी करण्याची अट आहे का? देखभालीची हमी किती वर्षांची आहे?

राज्यांच्या ऊर्जा विकास संस्था, महाराष्ट्रात ‘महाऊर्जा’, तसेच आपली नगरपालिका आणि वीज वितरण कंपनी यांच्याकडे अशी माहिती मिळू शकते. विचारण्यात कमीपणा नाही. हा पैसा शासनाचा आहे, म्हणजेच सर्व नागरिकांचा आहे. काडेपेटी, एस.टी.चे तिकीट यांच्या किमतीतून कर भरणारा प्रत्येक माणूस त्यात आपला वाटा घालत असतो.

अक्षरओळखीचे मोल अशा वेळी कळते. ‘पात्र’, ‘मुदत’, ‘प्रतिपूर्ती’ हे शब्द ज्याला वाचता येतात, त्याला मध्यस्थाच्या दारात उभे राहावे लागत नाही. आणि ज्याला योजनेतील उणीव वाचता येते, तो ग्रामसभेत किंवा वॉर्डाच्या बैठकीत उठून विचारू शकतो : ‘भाडेकरूसाठी यात काय आहे? आमच्या वस्तीत सामुदायिक बंब का बसवता येणार नाही? चुलीपुढे बसणाऱ्या बाईची बचत तुम्ही हिशेबात धरली का?’

ऊन सर्वांच्या अंगणात सारखेच पडते. ते सर्वांच्या पाण्यापर्यंत सारखेच पोहोचावे, हे मात्र आपोआप घडत नाही. त्यासाठी विचारपूर्वक आखलेली योजना लागते आणि ती वाचून प्रश्न विचारणारे नागरिकही लागतात.

पाठगत प्रश्न – २
१. मालमत्ता करातील सवलतीचा लाभ भाडेकरूला का होत नाही?
२. उत्तर आयर्लंडमधील योजना कोणत्या चुकीमुळे फसली?

तुम्ही काय शिकलात?

• सौर बंब इंधन वाचवतो. पण त्याचा सगळा खर्च आरंभीच करावा लागतो. शासनाची सवलत ही अडचण हलकी करण्यासाठी असते.
• भांडवली अनुदान, व्याजसवलत, करसवलत, वीजबिलातील सूट आणि सक्ती हे शासनाचे प्रमुख मार्ग आहेत.
• सवलतीच्या रूपावरून तिचे लाभार्थी ठरतात. छत, प्राप्तिकर किंवा बँकेची पत नसलेले लोक अनेकदा बाहेर राहतात.
• योजनेचा मूळ कागद वाचणे हा लाभाचा आणि हक्काचा पहिला टप्पा आहे.

शब्दार्थ

ढलपी – लाकडाचा तासलेला तुकडा. घंगाळ – आंघोळीचे पाणी ठेवण्याचे रुंद तोंडाचे धातूचे भांडे. निर्वात – ज्यात हवा नाही असे. घसारा – वापरामुळे वस्तूच्या किमतीत होणारी घट. अंतर्वक्र – आतल्या बाजूला वळलेला. प्रतिपूर्ती – केलेल्या खर्चाची मागाहून भरपाई. पत – कर्ज मिळण्याइतका आर्थिक विश्वास.

स्वाध्याय

१. भांडवली अनुदान आणि व्याजसवलत यांतील फरक उदाहरणासह स्पष्ट करा.
२. ‘ज्या बचतीची पावती मिळत नाही, ती बचत नव्हे’ असे समजणे चूक का आहे? तुमच्या परिसरातील उदाहरण देऊन आठ-दहा ओळींत लिहा.
३. ‘ऊन’ या शब्दाचे दोन्ही अर्थ स्पष्ट करणारी दोन-दोन वाक्ये लिहा.
४. तुमच्या घरी आंघोळीचे पाणी कशावर तापते? त्यासाठी महिन्याला किती पैसे, किती इंधन आणि कोणाचा किती वेळ खर्च होतो, याची नोंद करून तक्ता तयार करा.
५. आपल्या वस्तीतील वसतिगृहासाठी सामुदायिक सौर बंबाची मागणी करणारे पत्र नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांना लिहा.